खालच्यांचं पाणी

आमच्या कामोठ्याच्या कोपऱ्यावर फेब्रुवारी सरता सरता कलिंगडांचा ढीग लागतो. गाडीवाला एका फळाला सुरीने त्रिकोणी खाच मारतो, लालभडक फोड सुरीच्या टोकावर धरतो आणि माझ्याकडे बघून ओरडतो, "आंटी, एकदम शक्कर! चखके देखो!" मला त्या माणसाचा उगाचच राग येतो. बिचाऱ्याने माझं काय घोडं मारलंय? पण मी मान फिरवून पुढे जाते. कलिंगड मी खात नाही. विचारलंच कुणी तर शुगर आहे म्हणून सांगते. ते बरं पडतं, पुढचे प्रश्न येत नाहीत.

शुगर आहे हे खरं आहे. पण कलिंगड मी त्याच्या आधीच सोडलं होतं.

सहाव्या मजल्यावर माझं घर आहे. मुलगी पुण्याला, तिच्या संसारात. हे जाऊन तीन वर्षं झाली. सकाळी नळाला पाणी येतं, मी बादल्या भरते, आणि मग पूर्ण दिवस पडलेला असतो. दुपारी खिडकी उघडली की खाडीकडून वारा येतो, त्याला चिखलाचा वास असतो. लोक नाक मुरडतात. मला तो वास येतो आणि वाटतं, हे पाणी कुठून कुठून आलं असेल. त्यातलं थोडं तरी गाढी नदीचं असणार, आमच्या नेरे गावाकडचं. डोंगरातून उतरायचं, आमच्या शेताला वळसा घालायचं आणि पनवेलला खाडीत जायचं, एवढाच तिचा प्रवास. एवढ्याशा नदीच्या वाटेत माणसाने किती हात घालावेत?

मीही घातला. एकच हंगाम.

नेऱ्याच्या पुढे नदीकाठाला आमची जमीन होती. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. वालाच्या शेंगा निघाल्या की शेत पावसापर्यंत उताणं पडून राहायचं. सगळ्यांचंच तसं होतं. मग कुणीतरी काठावर विजेची मोटर बसवली, त्याचं बघून दुसऱ्याने, आणि पाचसहा वर्षांत सगळा काठ उन्हाळ्यातही हिरवा दिसायला लागला. भेंडी, काकडी, कारली आणि कलिंगडं. आम्ही त्यात सगळ्यांत शेवटचे. कारण आमचे हे उरणला कामाला. तिथे कंटेनरच्या यार्डात नोकरी, चारजणांत मिळून एक खोली, शनिवारी संध्याकाळी घरी येणार आणि सोमवारी उजाडायच्या आत परत जाणार. मुलगी दहावीला, तिचे क्लास म्हणून माझ्या बहिणीकडे कामोठ्याला ठेवलेली. सासूसासरे आधीच गेलेले. म्हणजे चार खोल्यांच्या घरात मी आणि भिंतीवरची पाल. पालीशी बोलायला लागले होते मी, खोटं नाही सांगत.

त्या दिवाळीनंतर एका रविवारी हे जेवता जेवता म्हणाले, "या उनाल्यात आपन पन कलिंगड लावू. मोटर बसवतो. चांगला माल निघाला ना, तर उरान सोडून देतो. घरी येतो कायमचा."

ताटातला भात कालवत सहज बोललेलं वाक्य होतं ते. बोलणारा विसरूनही गेला असेल. पण मी ते धरून बसले. माल चांगला निघाला की माणूस घरी येणार. माझ्यासाठी त्या हंगामाचा अर्थ एवढाच होता. बाकी शेती गेली खड्ड्यात.

जानेवारीत गावाने नदीवर बांध घातला. दरवर्षीच घालायचे. घरटी एक माणूस, ज्याच्या घरी पुरुष नसेल त्याची बाई. मी गेले. वाळूची पोती, दगड, फांद्या, वरून चिखल, असा पाण्याला अडवणारा कच्चा बांध. पहिल्या पावसात तो आपोआप वाहून जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालायचा. कामाला सुरुवात करण्याआधी धर्माआप्पा पुढे व्हायचे. आप्पा आमच्या चुलतघराण्यातले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले, कमरेला पंचा, आवाज मात्र खणखणीत. ताडाचं अर्धं खोड पोखरून केलेली एक पन्हळ त्यांच्या गोठ्यात वर्षभर टांगलेली असायची. ती आधी नदीच्या मध्यावर बसवायची, तिच्यापुढे नारळ फोडायचा, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी बांध उभा करायचा. वर कितीही पाणी अडो, पन्हळीतून एक धार कायम खाली पडत राहिली पाहिजे.

"खालच्यांचं पानी खालच्यांना," आप्पा मोठ्याने म्हणायचे, आणि मागून सगळे नुसतं "होऽ" करायचे. मीही केलं. तोंडाला काय, होऽ म्हणायला काय लागतं?

मग सुरू झाले ते दिवस. आळ्यांत बी टोकलं, ते उगवलं, वेल पसरले. सकाळी वीज आली की मोटर चालू करायची, पाटाने पाणी फिरवायचं, फावड्याने एक सरी फोडायची, दुसरी बुजवायची. ओल्या मातीचा वास, मोटरच्या तापलेल्या तेलाचा वास आणि युरियाचा तो नाकात झोंबणारा वास. अजून कधी एखाद्या बाथरूममध्ये तसा वास आला की मी क्षणभर शेतात उभी असते. युरिया मुठीने टाकायचा आणि लगेच पाणी सोडायचं. दुकानदाराने सांगितलं त्याच्या दुप्पट टाकायचे मी. वाढू दे म्हटलं, पटापट वाढू दे. शेताला नदीकडे उतार होता. सऱ्या भरून उरलेलं पाणी खालच्या कोपऱ्यातून ओघळून परत नदीत जायचं, पण बांधाच्या खालच्या बाजूला. मला वाटायचं, बघा, घेतलं तेवढं परत देतेय की! वरून निवळशंख पाणी उचलायचं आणि खाली खताचं पाणी सोडायचं, याला मी परत देणं म्हणत होते. शहाणी!

बांधाच्या खाली पन्नास पावलांवर डोह होता. एका बाजूला काळा खडक, वर करंजाची सावली, पाणी पुरुषभर खोल. पन्हळीची धार खडकांतून वाट काढत त्या डोहात जायची. तिथेच मला हिरा भेटली.

हिरा पलीकडच्या कातकरीवाडीतली. माझ्याच वयाची असेल, पस्तीस चाळिशीची, काटक, हसली की डोळे पार मिटायचे. रोज सकाळी झोळीसारखं जाळं घेऊन डोहावर यायची. झिंगे, शिवडे, कधी एखादी वाम, खडकाच्या बेचक्यातून चिंबोऱ्या. त्यातलं थोडं घरी, बाकीचं पानात बांधून नेऱ्याच्या नाक्यावर विकायला. पहिल्या दिवशी मी मोटरजवळ बसून भाकरी खात होते. ती लांबूनच म्हणाली, "वैनी, येकटीच जेवतीस?"

"मग काय वाजंत्री लावू?" मी म्हटलं. मी तशी फटकळच.

ती इतकी हसली की हातातलं जाळं पाण्यात पडलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज करंजाखाली एकत्र जेवायला लागलो. माझी भाकरी, तिचं झिंग्यांचं सुकं. सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मी तिच्याशी जेवढं बोलले, तेवढं नवऱ्याशी लग्नापासून बोलले नव्हते. काय बोलायचो? काहीही. नवऱ्यांची उणीदुणी, सिनेमा, गुडघेदुखी, साप. तिचा नवरा अबोल, माझा लांब. ती म्हणायची, "दोन्ही सारकंच, वैनी. तुजा हप्त्याला तरी येतो. माजा घरात बसून पन नसतो."

वाडीतली बहुतेक माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, पोराबाळांसकट, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. हिराने त्या वर्षी ठाम नकार दिला होता. तिची मुलगी चौथीत होती. दरवर्षी अर्धी शाळा भट्टीवर जायची, मास्तर कसंबसं पुढे ढकलायचे. "यंदा पोरगीची परीक्षा होईस्तोवर हलाचं नाय," हिरा म्हणायची. "तिला पुढं आश्रमशालंत घालाची हाय. मास्तर बोलला, नीट बसली शालंत तर घेतील. आमाला डोह हाय ना. पावसापतूर डोह पोसंल."

मी म्हटलं, "पोसेल गं, न पोसायला काय झालं?"

आता हे सगळं मी खिडकीत बसून आठवते तेव्हा एक गोष्ट मनातून हलत नाही. आम्ही दोघी एकाच पाण्यावर डोळे लावून बसलो होतो. मला त्यातून नवरा घरी आणायचा होता, तिला मुलगी शाळेत ठेवायची होती. एकमेकींना हे नीट ठाऊक होतं. भाकरीच्या घासाबरोबर आम्ही ते रोज बोलायचो.

मार्च लागला आणि ऊन तापलं. नदी वरूनच बारीक होत चालली. काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की बांधामागचं पाणी बघता बघता खाली जायचं. एक दिवस माझी मोटर हवा धरायला लागली. पाण्यातला पाइप उघडा पडला, नुसता घरघर आवाज, आणि पाटात थेंब नाही. कलिंगडं तेव्हा नुकती डोक्याएवढी झाली होती. हिरवीगार, चकचकीत. मी सगळ्या वेलांत फिरून त्यांना हात लावून यायची. त्या दिवशी मोटर बंद करून मी बांधावर उभी राहिले आणि पन्हळीकडे बघत बसले. मनगटाएवढी धार, सारखी पडतेय, दिवसरात्र पडतेय. मला वाटलं, केवढं पाणी फुकट चाललंय!

खरंच सांगते, फुकट हाच शब्द मनात आला. खाली डोह आहे, डोहावर हिरा आहे, हे त्या क्षणी मला दिसलंच नाही. मग दिसलं. आणि दिसल्यावरही मी शेतातली खताची रिकामी निळी गोणी आणली, गुंडाळली आणि पन्हळीच्या तोंडात घट्ट कोंबली. दोनच दिवस, म्हटलं. दोन दिवसांनी काढते.

पाणी तासाभरात वर चढलं. मोटर गुमान चालू झाली. मी सगळ्या सऱ्या तुडुंब भरल्या.

दुसऱ्या दिवशी हिरा जेवायला बसली तेव्हा म्हणाली, "वैनी, आज पानी हाललं नाय."

"हो का?" मी भाकरी मोडत म्हटलं.

"पन्हलीचा आवाज नाय. कोनी पोरांनी पाल्याचा बोला कोंबला आसंल खेलताना. तू बघ ना जरा."

"तूच बघ की वर जाऊन."

"आमी बांधाला हात नाय लावत," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. मला कारण ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी बांध अर्ध्यातून फुटला होता आणि गावाने वाडीवर आळ घेतला होता. खेकड्यांनी पोखरला होता हे नंतर कळलं, पण तोवर वाडीतल्या एकाला मार बसून गेला होता. तेव्हापासून त्यांच्यातलं कुणी बांधावर पाय ठेवायचं नाही. मला हे ठाऊक होतं, आणि मी नुसतं म्हटलं, "बघते."

तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, "बघलं का गो, वैनी? पोरांचा बोला?" मी म्हटलं, वेळच झाला नाही, उद्या बघते. चौथ्या दिवशीही तेच. माझ्या जिभेला हाड नाही असं सासू म्हणायची; पण तेव्हा एक वाक्य बाहेर पडेना. आज काढते, उद्या काढते असं करत मी बांधावर जायची, गोणीला हात घालायची, आणि पाइप उघडा पडलेला डोळ्यांपुढे यायचा. त्या रविवारी हे आले, वेलांत फिरले, एक कलिंगड टिचकी मारून बघितलं आणि म्हणाले, "बरा माल धरलाय गो तू." मी त्या एका वाक्यावर आणखी आठवडा काढला.

डोह हिरवा व्हायला लागला. आधी नुसती झाक, मग काठाला शेवाळाची साय, मग पाणीच हिरवं, तळ दिसेना. वरून धार नाही, आणि माझ्या शेतातलं खताचं पाणी मात्र रोज येऊन मिळतंय. ऊन, खत आणि साचलेलं पाणी, शेवाळाला आणखी काय हवं? उन्हात ते दिसायला चांगलं दिसायचं, हेही खरं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "कसा हिरवागार झालाय गं डोह!" हिराने माझ्याकडे बघितलं. जाळं झटकलं, त्यातून शेवाळाचे धागे ओढून काढले आणि खडकावर टाकले. त्या दिवशी तिच्या पानात चार झिंगे होते. तरी त्यातले दोन तिने माझ्या भाकरीवर ठेवले. मी खाल्ले.

एके सकाळी मी पोचले तर डोहावर माणसं जमलेली. गावातली सातआठजणं, टोपल्या, घमेली घेऊन. डोहभर मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून, उघडबंद करत, जागच्या जागी. मोठी वाम खडकाला टेकून वळवळत होती. मेल्या माशांच्या पांढऱ्या पोटांनी काठ भरला होता. लोक हसत होते, हाताने मासे उचलत होते, "आज चंगल हाय, गडेहो!" असं ओरडत होते. एकाने मला म्हटलं, "वैनी, घमेला आना, फुकाट हाय!" मी बांधावर पळत गेले आणि गोणी उपसली. धार भसकन खाली पडली. पण आता कशाला? पाणी डोहापर्यंत पोचलं तेव्हा त्यात हलणारं फारसं काही राहिलं नव्हतं.

हिरा करंजाखाली बसली होती. तिने एकही मासा उचलला नाही. जाळं घडी करून मांडीवर ठेवलेलं. मी जवळ गेले, पण बसायचं धाडस होईना. तिने मला विचारलं नाही की धार आता कशी सुरू झाली. मीही सांगितलं नाही. आम्ही दोघी तशाच होतो, ती बसलेली, मी उभी, आणि समोर लोकांची टोपल्या भरायची घाई. मग ती उठली आणि वाडीकडे चालायला लागली.

पुढचे चारपाच दिवस डोहाला असा वास सुटला की काठावर उभं राहवेना. सहाव्या दिवशी वाडीवरून एक टेम्पो गेला. मागे भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या, हिराचा नवरा, हिरा, आणि तिला टेकून बसलेली मुलगी. मुलीने शाळेचा निळा फ्रॉक घातला होता. परीक्षेला महिना राहिला होता. टेम्पो भट्टीकडे चाललाय हे विचारायची गरज नव्हती. मी शेतातून हात वर केला. हिराने पाहिलं की नाही, कोण जाणे.

आणि कलिंगडांचं काय झालं? हेही ऐका. कलिंगड काढणीला आलं की आठदहा दिवस पाणी तोडायचं असतं. तेव्हा कुठे गोडी उतरते. हे मला शेजारच्या शेतातल्या बायांनी दहादा सांगितलं होतं. पण मला फळ आणखी मोठं व्हायला हवं होतं, आणि गोणी काढली तरी चोरून साठवलेलं पाणी अजून समोर होतं, ते काय ठेवायचं? मी देतच राहिले. एका दुपारी शेतात टर्रकन आवाज आला. फळ वेलावरच उकललं होतं. मग दुसरं, तिसरं. चार दिवसांत अर्धं शेत फुटून उघडं पडलं, वर माश्या घोंगावतायत. उरलेली फळं व्यापाऱ्याने कापून चाखली आणि जमिनीवर थुंकला. "वहिनी, हे कलिंगड आहे का पाण्याची पिशवी?" म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

हे रविवारी आले. शेताच्या बांधावर उभे राहून त्यांनी सगळं पाहिलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "रावदे गो. नोकरी हाय ना." आणि सोमवारी उजाडायच्या आत नेहमीसारखे निघून गेले. मी दार लावलं आणि तशीच दाराला पाठ लावून बसले. त्या घरात मी इतकी एकटी कधीच नव्हते. कारण आता शेतावर गेले तरी कुणी नव्हतं.

पुढे जमिनीला भाव आला, ती विकली, कामोठ्याचा फ्लॅट झाला. यांची नोकरी संपेपर्यंत उरणची खोली सुटली नाही. घरी कायमचे आले ते आजार घेऊनच.

मी पुष्कळदा स्वतःशी भांडते. म्हणते, अगं, एक मी होते का? काठभर मोटरी होत्या, सगळेच खत मारत होते, नदी सगळ्यांनीच उपसली. पन्हळ उघडी असती तरी तो डोह आणखी किती वर्षं टिकला असता? हे सगळं खरं आहे. भांडणात मी दरवेळी जिंकते. आणि जिंकूनही मनातला तो निळा फ्रॉक टेम्पोतून उतरत नाही.

गेल्या महिन्यात भाऊजींच्या नातीची हळद होती, म्हणून नेऱ्याला गेले. डीजेच्या आवाजाने डोकं उठलं, तेव्हा दुपारी कुणाला न सांगता नदीकडे चालत निघाले. आमच्या शेतात आता फार्महाऊस आहे. हिरवळ, झोपाळा, निळ्या फरशीचा पोहायचा तलाव. कुंपणाच्या मागून डोह दिसतो, तो जलपर्णीने झाकलेला. नदीवर वरच्या अंगाला आता पक्का बंधारा आहे. धर्माआप्पा गेले, आणि पन्हळ कुठे गेली ते त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही.

फार्महाऊसच्या मागच्या नळावर एक बाई मोठमोठी पातेली घासत बसली होती. केस पिकलेले, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. मी कुंपणाजवळ थबकले. मी येताना ती मान वर करून बघत होती.

"वैनी?"

"ओळखलंस, हिरा?"

"चाल बघून वलखली. ये ना आत. मालक शनवारी येतात, आता कोन नाय."

मी आत गेले, नळाशेजारच्या कट्ट्यावर बसले. तिने यांचं विचारलं. मी सांगितलं. तिने चक् केलं आणि घासणं थोडं थांबवलं. तिचा नवराही गेला होता. मग मी मुलीचं विचारलं.

"लगीन झालं. दोन पोरं हायेत. भट्टीवरच असते ती पन, नवऱ्यासंगं."

"शाळा?"

"चवथीच रायली," हिरा म्हणाली. मीठ कमी पडलं असं सांगावं, तशी म्हणाली.

इतकी वर्षं जे वाक्य जिभेवर होतं ते तेव्हा बाहेर पडलं. मी काही ठरवलं नव्हतं. "हिरा, ती पन्हळ मी बुजवली होती. पोरांनी नाही. गोणी माझी होती."

तिने पातेलं उलटं करून त्याच्या बुडाला साबण लावला. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिशीपासून. निली गोनी खालून दिसत व्हती. तुज्याच शेतान व्हत्या तशा गोन्या."

"मग तू पोरांचं नाव का घेतलंस?"

"तुला गोनी काडाला सोपी जावी म्हनून."

नळाचं पाणी चालू होतं. ते फरशीवरून वाहत कुंपणाखालून डोहाकडे जात होतं, साबणाचा फेस घेऊन. मी ते बघत राहिले. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, तिचाच. "तोंडावर का नाही बोललीस? दोन शिव्या द्यायच्या होत्यास मला. मी लगेच काढली असती."

"काडली असतीस," हिरा म्हणाली. "आन मंग माज्यासमोर जेवाला बसाची तुला लाज वाटली असती. आली नसतीस तू करंजाखाली. दिसभर त्या डोहावर मी पन येकटीच व्हती, वैनी. मना तरी कोन व्हतं बोलाला?"

मी कट्ट्यावरून उतरले, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि एक पातेलं माझ्याकडे ओढलं. तिने ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"रावदे, वैनी," ती म्हणाली. "तुजी साडी भिजंल."